एमडीएस उशिरा झालं, केअर प्लॅन राहून गेला: आता काय करायचं?

महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' म्हटलं की दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. खाली ओपीडी, वर प्रसूतीचा वॉर्ड, दाराशी चपलांचा ढीग. आपल्या राज्याच्या १९४९च्या नोंदणी कायद्यातही हा शब्द त्याच अर्थाने आहे. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. तिथे म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, विसरभोळी झालेली माणसं महिनोन्‌महिने, कधी शेवटपर्यंत राहतात. त्यांना 'रेसिडेंट' म्हणतात. इथे अमेरिकेत येणाऱ्या आपल्याकडच्या नर्सचा पहिला गोंधळ या शब्दापाशी होतो, कारण आपल्या कानाला रेसिडेंट म्हणजे रात्रपाळीचा निवासी डॉक्टर.

दुसरा गोंधळ होतो एमडीएसपाशी, म्हणजे रेसिडेंटची प्रकृती आणि गरजा नोंदवायच्या 'मिनिमम डेटा सेट'पाशी. वॉर्डात काम केलेल्या नर्सला वाटतं, हा एक लांबलचक फॉर्म आहे, भरून टाकू. पण या फॉर्मला कायद्याचं घड्याळ जोडलेलं आहे. १९८७च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यातून तो आला, आजची त्याची ३.० आवृत्ती १ ऑक्टोबर २०१० पासून वापरात आहे, आणि मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला तो बंधनकारक आहे. त्यात उशीर होतो. सगळीकडे होतो. मी एमडीएसच्या खुर्चीत बसते, त्यामुळे हे ऐकीव नाही. उशीर लक्षात आल्यावर पहिल्या तासात आपण काय करतो, यावर तो साधी चूक राहतो की खोटेपणा होतो, हे ठरतं. हा लेख त्या तासासाठी आहे. इथे नव्याने या कामाला लागलेल्या नर्स भगिनींसाठी आणि बंधूंसाठी, आणि ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत त्यांच्यासाठीही.

आधी घड्याळं नीट समजून घ्या

दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत प्राथमिक केअर प्लॅन (त्या माणसाची काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा), म्हणजे बेसलाइन. त्यात सुरुवातीची उद्दिष्टं, डॉक्टरांच्या ऑर्डर्स, आहार, थेरपी, सोशल वर्क एवढं तरी हवंच, आणि त्याचा सारांश रेसिडेंटला किंवा त्याच्या माणसांना द्यायचा असतो.

मग संपूर्ण ॲडमिशन असेसमेंट, म्हणजे एमडीएस भरून केलेलं पहिलं मूल्यमापन, १४व्या दिवसापर्यंत. इथे दाखल झाल्याचा दिवस पहिला धरतात. पाच दिवसांच्या गणपतीत बसवायचा दिवस पहिला धरतात, तसंच. ३ मार्चला माणूस आला तर १४वा दिवस १६ मार्च. त्या तारखेपर्यंत एमडीएस तर व्हायलाच हवं, पण त्यातून उगवणाऱ्या केअर एरियांचा, म्हणजे सीएएचा, विचारही पूर्ण व्हायला हवा. हे एरिया एकूण २० आहेत: पडण्याचा धोका, बेडसोअर, आहार, स्मृती, वेदना वगैरे. सीएए पूर्ण झाल्यापासून ७ दिवसांत संपूर्ण केअर प्लॅन, म्हणजे आपल्या उदाहरणात उशिरात उशिरा २३ मार्च. आणि केअर प्लॅनच्या तारखेपासून १४ दिवसांत सगळं सीएमएसच्या, म्हणजे या योजना चालवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, आयक्यूआयईएस या संगणक यंत्रणेत पाठवायचं, म्हणजे ६ एप्रिल.

त्यानंतर क्वार्टरली, म्हणजे तिमाही असेसमेंट. आधीच्या असेसमेंटच्या एआरडीपासून ९२ दिवसांच्या आत नवा एआरडी. एआरडी म्हणजे ज्या दिवशीच्या रात्री बारापर्यंतची माहिती मोजायची तो दिवस; बहुतेक रकान्यांत त्या दिवसासकट मागचे सात दिवस बघतात, त्याला लुक-बॅक म्हणतात. इथे मोजणी गणपतीसारखी नाही. एआरडीचा दिवस शून्य, दुसरा दिवस एक. याच फरकाने एका दिवसाच्या चुका होतात, आणि एका दिवसाचा उशीर हाही उशीरच. क्वार्टरलीवर सही एआरडीपासून १४ दिवसांत, आणि सहीपासून १४ दिवसांत पाठवणं.

वार्षिक असेसमेंट आधीच्या संपूर्ण असेसमेंटच्या एआरडीपासून ३६६ दिवसांत. प्रकृतीत मोठा बदल झाला असं ठरवलं की त्या दिवसापासून १४ दिवसांत 'सिग्निफिकंट चेंज' असेसमेंट पूर्ण. रेसिडेंटने हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतली उपशामक सेवा, घेतलं किंवा सोडलं तरी हेच करावं लागतं, मग बदल डोळ्यांना दिसो वा न दिसो.

नेमकं काय राहिलंय?

"अमक्याचं एमडीएस लेट आहे" हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं आणि त्याचा अर्थ दर वेळी वेगळा असतो. एआरडीच ठरवला गेला नाही, ही एक गोष्ट. एआरडी वेळेत ठरवला पण कोणी रकाने भरले नाहीत किंवा सही झाली नाही, ही दुसरी. असेसमेंट झालं, केअर प्लॅन नाही, ही तिसरी. सगळं झालं, पाठवायचं राहिलं, ही चौथी. चारही वेगवेगळ्या प्रकारे निस्तरायच्या असतात. एकीचं औषध दुसरीला दिलं की नवी चूक तयार होते. म्हणून कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलण्याआधी एका कोऱ्या कागदावर त्या रेसिडेंटच्या तारखा उतरवा: दाखल कधी, मागचा एआरडी, मागचं संपूर्ण असेसमेंट, मधल्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, पैसे कोण देतंय, हॉस्पिस आहे का.

कागद झाला की खुर्चीतून उठा आणि त्या माणसाच्या खोलीत जा.

हे मी उगाच सांगत नाही. पूर्वी मी जिथे होते तिथे एका आजींचा केअर प्लॅन नऊ दिवस अडकला होता. स्पीच थेरपिस्टने त्यांना घट्ट केलेले द्रवपदार्थच द्या असं लिहून ठेवलं होतं. ते थेरपीच्या नोटमध्ये होतं, ऑर्डरमध्येही आलं. पण सीएनएच्या, म्हणजे रोजची शुश्रूषा करणाऱ्या नर्सिंग असिस्टंटच्या, हातात जो रोजचा कागद असतो तो केअर प्लॅनमधून तयार होत असे, आणि केअर प्लॅन रिकामा. एका नव्या मुलीने प्रेमाने आजींना साधा चहा पाजला. ठसका लागला, खोकला थांबेना, रात्रभर आम्ही ऑक्सिजनकडे बघत बसलो. आजी सावरल्या. एमडीएसच्या ऑफिसात मात्र तोवर चर्चा चालली होती ती कुठली तारीख टाकायची याची.

तेव्हा खोलीत गेल्यावर बघायचं एवढंच: या माणसाला आज जी काळजी मिळायला हवी ती मिळतेय का? त्वचा, पडण्याचा धोका, गिळणं, वजन, वेदना, नवी औषधं. जे चुकतंय ते आजच केअर प्लॅनमध्ये घाला, संबंधित सीएनएला तोंडी सांगा, डॉक्टरांना कळवायचं असेल तर कळवा. केअर प्लॅन सुधारायला असेसमेंट पूर्ण होण्याची वाट बघावी लागते, हा गैरसमज आहे. तो कोणत्याही दिवशी सुधारता येतो, आणि गरज दिसल्यावर सुधारलाच पाहिजे.

एआरडी चुकला असेल तर

समजा मागचा एआरडी १० जानेवारी २०२५. क्वार्टरलीचा शेवटचा दिवस १२ एप्रिल. तुमच्या लक्षात आलं २९ एप्रिलला. नवा एआरडी २९ एप्रिल किंवा त्यानंतरचा, मागचा नाही. सॉफ्टवेअर तुम्हाला १२ तारीख टाकू देईल, हीच तर गंमत आहे. यंत्र अडवत नाही म्हणून ते चालतं असं नसतं. त्या आठवड्यात तुम्ही त्या माणसाशी स्मृतीची मुलाखत घेतली नाही, मूडची घेतली नाही, वेदनेबद्दल विचारलं नाही. मग १२ एप्रिलच्या एआरडीखाली लिहिलेली उत्तरं आणणार कुठून?

मी सहसा एक-दोन दिवस पुढचा एआरडी घेते, म्हणजे मुलाखती शांतपणे होतात आणि सीएनएंना हालचालींच्या नोंदी नीट करता येतात. समजा १ मे. कायद्याने सहीला १५ मेपर्यंत वेळ आहे, पण आधीच उशीर झालेल्या असेसमेंटला पुन्हा पूर्ण १४ दिवस घेणं शोभत नाही. तीन-चार दिवसांत संपवा आणि लगेच पाठवा. यंत्रणा ते स्वीकारते. व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये उशिराचा इशारा येतो, तो येऊ द्या. इशारा म्हणजे नकार नव्हे. 'फेटल' लिहून आलं तर मात्र रेकॉर्ड परत आलंय आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवायचंय.

पुढची क्वार्टरली आता १ मेपासून ९२ दिवसांत, म्हणजे १ ऑगस्टपर्यंत. इथे एक सापळा आहे. क्वार्टरली पुढे सरकली म्हणून वार्षिक सरकत नाही. ते मागच्या संपूर्ण असेसमेंटच्या एआरडीवर टांगलेलं असतं आणि आपल्या जागी तसंच राहतं. उशिराची क्वार्टरली केल्याच्या समाधानात तीन महिन्यांनी वार्षिक चुकवलेले लोक मी पाहिलेत. (त्यातली एक मीच.)

दोन क्वार्टरली राहिल्या असतील तर? आज एकच होईल. गेलेल्या तिमाहीचं असेसमेंट आज करता येत नाही, ते चुकलं ते चुकलं. रेसिडेंट मधल्या काळात गेला असेल, घरी किंवा देवाघरी, तर त्याचंही तेच: राहिलेली क्वार्टरली आता होणार नाही. पण डिस्चार्ज असेसमेंट किंवा मृत्यूची नोंद राहिली असेल तर ती आजही करायचीच.

उशीर झाकायला 'सिग्निफिकंट चेंज' वापरण्याची एक युक्ती या धंद्यात फिरते. ते संपूर्ण असेसमेंट असल्याने सगळी घड्याळं नव्याने सुरू होतात, मग उशीर दिसतच नाही, असा हिशेब. खरंच बदल झाला असेल, म्हणजे एकाहून जास्त बाबतींत ढळ किंवा सुधारणा, आपोआप न सावरणारी, तर जरूर करा, करायलाच हवं. नसेल तर तो बदल तुम्हाला चार्टमध्ये लिहावा लागेल, आणि जो झालाच नाही तो लिहिणार काय?

एआरडी बरोबर, पण काम अर्धवट

हा प्रकार जास्त नाजूक आहे. एआरडी वेळेत ठरला होता, मग एमडीएस नर्सला चार दिवस मजल्यावर औषधं वाटायला पाठवलं, आणि १४ दिवस उलटून गेले. इथे एआरडी हलवायचा नाही. तो दुरुस्तीनेही बदलता येत नाही, टंकनाची चूक असेल तरच अपवाद. त्या लुक-बॅकमध्ये जे घडलं ते चार्टमध्ये असेल तर त्यावरून रकाने भरा. वजन, औषधं, जखमा, पडणं, थेरपीची मिनिटं, हे सगळं मागाहूनही चार्टमधून मिळतं.

मुलाखती मिळत नाहीत. बीआयएमएस (स्मृतीची), मूडची, वेदनेची मुलाखत एआरडीपर्यंत घेतली नसेल तर ती गेली. मग सीएमएसचं मॅन्युअल काय सांगतं? 'मुलाखत घ्यायला हवी होती का' याला 'हो' असं उत्तर द्या आणि उत्तरांच्या जागी डॅश, आडवी रेघ टाका. मुलाखतीऐवजी स्टाफचं मूल्यमापन भरू नका. ते ज्यांच्याशी मुलाखत होऊच शकत नाही त्यांच्यासाठी आहे. डॅश टाकताना हात थरथरतो, कारण मेडिकेअर पार्ट एच्या (हॉस्पिटलनंतरच्या मर्यादित मुक्कामाचे पैसे देणाऱ्या भागाच्या) रेसिडेंटच्या बाबतीत डॅश फार झाले तर दर्जाच्या अहवालात ते मोजले जातात आणि संस्थेच्या वार्षिक दरवाढीतून २ टक्के अंक कापले जाऊ शकतात. तरीही डॅशच. आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंधरवड्याच्या नावावर खपवणं ही त्याहून फार महाग गोष्ट आहे.

आता सह्यांबद्दल, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. झेड०४०० या रकान्यात ज्याने जो भाग भरला तो सही करतो. त्याने काम ८ तारखेला केलं आणि सही ११ला केली तर तारीख ८ची टाकायची, असं मॅन्युअलच सांगतं. पण काम खरोखर ८ला झालं असेल तरच, आणि ते चार्टमध्ये दिसायला हवं. झेड०५००बी ही तारीख वेगळी. तिथे आरएन (नोंदणीकृत नर्स) कोऑर्डिनेटर 'हे असेसमेंट पूर्ण आहे' असं सांगते, आणि तिथे प्रत्यक्ष सही केली तीच तारीख. काल पूर्ण झालं होतं, मी सुट्टीवर होते, म्हणून कालची टाकते, असं चालत नाही.

सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिकची वेळ मागे ठेवून जातं. सर्व्हेयर, म्हणजे सरकारी तपासनीस, ते उघडून बघू शकतात. जाणूनबुजून खोटं असेसमेंट प्रमाणित केल्याबद्दल केंद्राच्या नियमात माणसागणिक दंड आहे: मूळ आकडा प्रत्येक असेसमेंटमागे १,००० डॉलरपर्यंत, आणि दुसऱ्याला तसं करायला लावणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत. उशिराची सही ही संस्थेची डेफिशियन्सी, म्हणजे तपासणीत नोंदली जाणारी त्रुटी. खोट्या तारखेची सही तुमच्या नावावर, तुमच्या लायसन्सच्या बाजूला. वरिष्ठ कुणी "अगं, टाक की कालची" म्हणालं तर नम्रपणे "मॅम, तुम्हीच टाकून सही करा" म्हणायचं. तिथेच विषय संपतो, असा माझा अनुभव आहे.

केअर प्लॅन उशिरा

बेसलाइनचे ४८ तास उलटले असतील तर आज करा, आजची तारीख टाका, सारांश रेसिडेंटच्या किंवा कुटुंबाच्या हातात द्या आणि दिल्याची नोंद ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी हॉस्पिटलमधून आलेल्या माणसांचा हा नेहमीचा प्रश्न आहे, कारण ४८ तास शनिवार-रविवार बघत नाहीत.

संपूर्ण केअर प्लॅनची तारीख व्ही०२००सी२ मध्ये जाते. तीही खरी. २३ मार्चला व्हायला हवा होता आणि १ एप्रिलला झाला, तर १ एप्रिल. पाठवण्याची मुदत या तारखेपासून मोजतात, म्हणून काही जण केअर प्लॅन होण्याआधीच ही तारीख टाकून असेसमेंट पाठवून देतात. तसं करू नका.

उशिरा केलेला केअर प्लॅन घाईत केला की सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली तयार वाक्यं चिकटवली जातात. 'पडण्याचा धोका: कॉल बेल हाताशी ठेवा.' डिमेन्शियाच्या ज्या माणसाला बेल म्हणजे काय हेच आठवत नाही, त्याच्या प्लॅनमध्ये हे वाक्य मी स्वतः वाचलंय. त्यापेक्षा रात्रपाळीच्या सीएनएला विचारा: हे कधी उठतात? ती सांगेल, पहाटे साडेचारला, बाथरूमला. मग प्लॅनमध्ये लिहा: चार वाजता बाथरूमला न्या. एवढ्या एका ओळीने जे थांबतं ते दहा छापील ओळींनी थांबत नाही. आणि सीएनएला विचारणं हा उपकार नव्हे. टीममध्ये उपचार करणारे डॉक्टर, जबाबदार आरएन, त्या रेसिडेंटची सीएनए, आहार विभागाचा माणूस, आणि शक्य तिथे रेसिडेंट व त्याचा प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असं नियमातच लिहिलंय. रेसिडेंटला सहभागी करता आलं नाही तर का नाही, हे चार्टमध्ये हवं.

कुटुंबातल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. तुमची आई अशा ठिकाणी असेल तर केअर प्लॅनच्या बैठकीला बोलावणं यायला हवं, आणि प्लॅन मागून बघण्याचा हक्क आहे. "केअर प्लॅन मीटिंग कधी आहे?" एवढा एक प्रश्न सोशल वर्करला विचारा. आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं आगाऊपणाचं समजतात. इथे न विचारणाऱ्याचं राहून जातं. आई एकादशी करते, डाव्या हाताने औषध घेत नाही, झोपताना कानाशी भजन लागतं, हे सगळं प्लॅनमध्ये लिहिता येतं. लिहिलं की तीन पाळ्यांच्या लोकांना कळतं.

पैशांचा भाग

मेडिकेअर पार्ट एवर आलेल्या रेसिडेंटचं '५ दिवसांचं' नावाचं असेसमेंट वेगळं. त्याचा एआरडी पहिल्या ८ दिवसांत पडायला हवा. चुकला तर, चूक लक्षात आली त्या दिवसाच्या आधीचा एआरडी घेता येत नाही, आणि जितके दिवस उशीर तितके दिवस डिफॉल्ट दर, म्हणजे सर्वांत कमी. एआरडी ११व्या दिवशी पडला तर ३ दिवस उशीर; मुक्कामाच्या पहिल्या ३ दिवसांचे पैसे डिफॉल्टने, चौथ्यापासून असेसमेंटच्या दराने. आणि पार्ट ए संपून माणूस गेला तरी ते असेसमेंट झालंच नाही, तर काही अपवाद सोडता बिलच पाठवता येत नाही. तेव्हा हा उशीर दिसला की पहिला फोन बिलिंगला, बिल गेलं असेल तर त्याच दिवशी. मेडिकेडचं राज्यागणिक वेगळं आहे, आपल्या राज्याचा नियम बघा.

नोट लिहा, पण माफीनामा नको

चार्टमध्ये एक छोटी नोट हवी. ती जाते इंग्रजीतच, पण आशय असा: 'क्वार्टरली असेसमेंट १२ एप्रिलपर्यंत अपेक्षित होतं, २९ एप्रिलला आढावा घेताना राहिल्याचं लक्षात आलं. एआरडी १ मे ठरवला. रेसिडेंटची तपासणी केली, केअर प्लॅनमध्ये त्वचेचा भाग आज सुधारला, डॉक्टर व मुलीला कळवलं.' आजची तारीख, आत्ताची वेळ. कोणाच्या रजेमुळे राहिलं, स्टाफ किती कमी होता, हे रेसिडेंटच्या चार्टमध्ये जात नाही. ते गुणवत्ता समितीच्या, क्वापीच्या कागदांत जातं.

मागच्या एखाद्या घटनेची नोट राहिली असेल तर 'लेट एंट्री' म्हणून आजच्या तारखेने लिहा आणि आठवतंय तेवढंच लिहा. तीन आठवड्यांनी कुणाला रक्तदाबाचा आकडा आठवत नसतो.

एक सापडलं म्हणजे आणखी आहेत

एक उशीर क्वचितच एकटा असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तीन याद्या समोरासमोर ठेवा: आजची सेन्सस (हजर रेसिडेंटची यादी), सॉफ्टवेअरचं वेळापत्रक, आणि आयक्यूआयईएसमधला राहिलेल्या असेसमेंट्सचा रिपोर्ट. या रिपोर्टात जी नावं येतात त्यातली बरीच कधीच निघून गेलेल्या लोकांची असतात, कारण त्यांचं डिस्चार्ज पाठवलेलंच नसतं. काही नावं दोनदा येतात: जन्मतारखेत किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडून यंत्रणेने एकाच माणसाचे दोन रेसिडेंट केलेले असतात. आपल्या लोकांच्या नावांत हे हमखास होतं, नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून कुठे लागतं, कुठे लागत नाही.

मग कारण शोधा. माझ्या अनुभवात कारणं फार थोडी आहेत. हॉस्पिटलला जाऊन ३० दिवसांच्या आत परत आलेल्या रेसिडेंटचं वेळापत्रक सॉफ्टवेअरमधून गळतं. तो परत येणार असं धरून गेला असेल तर जुनंच चक्र पुढे चालतं, हे कुणी बघत नाही. पार्ट एवरून दीर्घ मुक्कामावर गेलेला माणूस थेरपीच्या यादीतून निघतो आणि दुसऱ्या यादीत येत नाही. हॉस्पिस सुरू झाल्याचं फक्त सोशल वर्करला माहीत असतं. आणि सर्वांत मोठं कारण: एमडीएस नर्सला 'आजचाच दिवस' म्हणून मजल्यावर बोलावतात. हे शेवटचं सोडून बाकी सगळी सकाळच्या बैठकीतल्या दोन प्रश्नांनी सुटतात: काल कोण आलं-गेलं, आणि कुणाचा पेयर (पैसे देणारा) बदलला किंवा हॉस्पिस सुरू झालं. शेवटच्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरसमोर आकडे ठेवावे लागतात. किती तास मजल्यावर गेले आणि त्या आठवड्यात किती तारखा चुकल्या, एवढी दोन रकान्यांची वही मी महिनाभर ठेवली. वाद घालावा लागला नाही.

सर्व्हेयर आले तर

सर्व्हे, म्हणजे सरकारी तपासणी, जास्तीत जास्त १५ महिन्यांत एकदा व्हायलाच हवा, आणि मागच्या १५ महिन्यांची असेसमेंट्स हाताशी असावी लागतात, म्हणजे त्यांना सगळं दिसणार. प्रत्येक प्रकारच्या त्रुटीला एक क्रमांक, म्हणजे टॅग, असतो: संपूर्ण असेसमेंटचा उशीर एफ ६३६खाली येतो, सिग्निफिकंट चेंजचा ६३७, क्वार्टरलीचा ६३८, पाठवण्याचा ६४०. केअर प्लॅनचे ६५५, ६५६, ६५७. त्यांनी विचारण्याआधी आपण सापडलेले उशीर, केलेली दुरुस्ती आणि क्वापीतली नोंद दाखवली तर संवादाचा सूर बदलतो. टॅग टळेलच असं नाही. पण कागदावरचा उशीर आणि माणसाला झालेली इजा यांत त्रुटीचं गांभीर्य ठरवणाऱ्या ए ते एलच्या तक्त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि इजा झाली नाही हे दाखवायला त्या दिवशी खोलीत जाऊन केलेली तपासणीच कामी येते.

डेफिशियन्सी आलीच तर कागद हाती पडल्यापासून १० दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. त्यात पाच गोष्टी: ज्यांचं चुकलं त्यांच्यासाठी काय केलं, आणखी कुणाचं चुकलंय हे कसं शोधलं, पद्धतीत काय बदललं, लक्ष कोण व कसं ठेवणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत. 'स्टाफला पुन्हा प्रशिक्षण दिलं' एवढ्यावर भागवू नका. प्रशिक्षण नव्हतं म्हणून उशीर झालेला नसतो. लिहा की दर शुक्रवारी एमडीएस नर्स आणि असिस्टंट डीओएन (नर्सिंग प्रमुखांची सहायक) तिन्ही याद्या ताडून बघतील, पुढच्या १४ दिवसांचे एआरडी छापून स्टेशनवर लावतील, आणि एमडीएस नर्स मजल्यावर गेली तर त्या दिवसाच्या मुलाखती कोण घेणार त्याचं नाव आधीच ठरलेलं असेल.

आमच्याकडे तो छापील कागद औषधांच्या खोलीच्या दारावर आतून चिकटवलेला असतो, बाहेरच्यांना नावं दिसू नयेत म्हणून. मुलाखत झाली की घेणारी नावापुढे आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहिते. शुक्रवारी तीन वाजता ज्या नावापुढची जागा रिकामी असते, त्या खोलीत मी घरी जाण्याआधी जाऊन येते.